आठ महिने बल्क इंपोर्ट, आणि एका ‘ऱ’ची कटकट

एकेक फाइल चढवत बसले असते तर जन्म गेला असता, म्हणून आमच्या जतन प्रणालीत (डिजिटल फाइली दीर्घकाळ सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्याचंच हे परीक्षण) पहिल्या दिवसापासून सगळा कारभार बल्क इंपोर्टवरच, म्हणजे एकगठ्ठा चढवण्यावरच आहे. फोल्डरात फाइली, शेजारी मेटाडेटाची, म्हणजे फाइलींच्या माहितीची, सीएसव्ही (साधा तक्ता), आणि बटण दाबायचं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते ‘ऱ’बद्दल.

तिसऱ्या बॅचमध्ये ६१२ पैकी ४७ फाइली ‘सापडल्या नाहीत’. फोल्डर उघडला तर ढळढळीत समोर! सीएसव्हीतलं नाव आणि फाइलचं नाव शेजारी ठेवून ताडलं, अक्षर न् अक्षर तेच. एसएचए-२५६ चेकसमही (फाइलची ओळख पटवणारा आकडा) बरोबर. म्हणजे आतला माणूस ओळखीचा, पण नाव सांगितलं की दारातूनच परत. दोन दिवस मी नावांत लपलेली मोकळी जागा शोधत होते. मग दिसलं, की ४७ही नावांत ‘शेतकऱ्यांचे’, ‘नोकऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ असलं काहीतरी आहेच.

युनिकोडात (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक) ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो (या ‘तऱ्हां’तसुद्धा तो आहेच). एकसंध, म्हणजे क्रमांक ०९३१, किंवा साधा ‘र’ ०९३० आणि त्यामागे नुक्ता (अक्षराखालचा टिंब) ०९३सी. दिसायला एकच, युनिकोडच्या नियमानेही समतुल्य, पण बाइट वेगळे. स्कॅनिंग झालं त्या मशीनची फाइल सिस्टीम नावातली अक्षरं सुटी करून ठेवत होती, सीएसव्ही आम्ही हाताने टाइप केली होती, आणि इंपोर्टर नुसते बाइट ताडतो. चेकसम निघतो फाइलच्या आतल्या मजकुराचा, त्याला नावाशी देणंघेणं नाही.

कंपनीकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. नवव्या दिवशी उत्तर: फाइलनावं इंग्रजीत ठेवा, नाहीतर आमची सशुल्क स्थलांतर सेवा घ्या. मूळ नाव हाही जतन करायचा पुरावा असतो, प्रेमिस या जतनाच्या मेटाडेटा मानकात त्यासाठी वेगळा घटक आहे, आणि जतन प्रणाली विकणारेच म्हणतात नाव बदला! शिवाय काम पायथनच्या एका ओळीचं: युनिकोडडेटा, नॉर्मलाइझ, एनएफसी (म्हणजे सुट्या अक्षरांचं ठरलेलं एकसंध रूप). त्याचे पैसे मोजायला माझा हात काही धजावेना. स्वतःच स्क्रिप्ट लिहिली. दोन्हीकडची नावं एनएफसीत आणून जुळवायची, आणि सीएसव्हीत मात्र डिस्कवरचं नाव जसंच्या तसं लिहायचं.

४२ जुळली. पाच तशीच.

इथून माझा आवाज जरा खाली आला. त्या पाच नावांत आमच्याच एका सहकाऱ्याच्या कीबोर्डने ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य झेडडब्ल्यूजे (शून्य रुंदीचा जोडक) घातला होता. दिसतो तोच ‘ऱ्य’, पण हे रूप समतुल्य धरलं जात नाही, त्यामुळे एनएफसी त्याला हातही लावत नाही. हा दोष प्रणालीचा नव्हता. पुढे बॅगइट (फाइली आणि त्यांची यादी एका ‘बॅगे’त बांधायची ठरलेली पद्धत) नीट वाचलं. ते आरएफसी ८४९३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात २०१८ साली निघालं, आणि फाइलनावांच्या नॉर्मलायझेशनचा इशारा त्यातच दिलेला आहे. आम्ही पहिल्या दिवसापासून बॅगा बांधत होतो, वाचलं कुणी नव्हतं. आता फाइलनावाचा रकाना कुणी टाइप करत नाही, यादी थेट फोल्डरातून निघते.

बाकी किरकोळ. स्प्रेडशीट ‘००४५’चे ४५ करते, सगळे रकाने आधीच ‘मजकूर’ करून ठेवा. चुकांच्या अहवालात शीर्षकाची ओळ मोजत नाहीत, त्यामुळे ‘ओळ ८०’ म्हणजे तुमची ८१वी. पण कोरडी चाचणी खरंच सुरेख आहे. काहीही न चढवता सगळ्या चुका आधी सांगते, आणि नंतर फक्त अडलेल्या ओळी पुन्हा चालवता येतात. गेल्या महिन्यात रात्री वीज गेली, सकाळी इंपोर्ट होता तिथून पुढे सुरू झाला, एकही फाइल दोनदा गेली नाही. त्या दिवशी मी पाच तारे देणार होते.

चार देतेय. ते तिकीट अजून उघडंच आहे. दर महिन्याला ‘समस्या सुटली का?’ असा निरोप येतो, आणि मी ‘नाही’ दाबते.