कॅन-ॲम स्पायडर : क्लच दाबायचा की पॅडल ढकलायचं?

पुढे दोन चाकं आणि मागे एक, अशी बीआरपी कंपनीची कॅन-ॲम स्पायडर घ्यायला निघालेल्यांना, विशेषतः जुनी गाडी बघणाऱ्यांना, एक प्रश्न हमखास पडतो : मॅन्युअल की सेमी-ऑटोमॅटिक? 990 सीसीच्या व्ही-ट्विन (दोन सिलिंडरच्या) इंजिनाच्या गाड्यांवर हे पर्याय अनुक्रमे एसएम5 आणि एसई5 या नावांनी यायचे. 2014 च्या आरटी या लांब प्रवासाच्या मॉडेलपासून आलेल्या 1330 सीसीच्या तीन-सिलिंडर इंजिनावर सहा गिअर आहेत, म्हणून तिथे एसएम6 आणि एसई6.

आमचं मत आधीच सांगतो. रोजच्या वापरासाठी आणि लांबच्या प्रवासासाठी एसई घ्या. मॅन्युअल घ्यायची ती क्लचवर खरंच प्रेम असेल तरच.

स्पायडरला हाताचा ब्रेक नाही. उजव्या पायाचा एकच पेडल तिन्ही चाकांवर चालतो. (आपल्या रिक्षाची मांडणीही अशीच : उजव्या पायाला ब्रेक, डाव्या मुठीत क्लच आणि गिअर.) त्यामुळे दोन्ही प्रकारांतला फरक फक्त डाव्या बाजूला दिसतो. मॅन्युअलमध्ये डाव्या हाताला क्लच आणि डाव्या पायाला गिअर. एसईमध्ये डाव्या मुठीजवळ एक पॅडल असतं : अंगठ्याने पुढे ढकललं की वरचा गिअर, तर्जनीने मागे ओढलं की खालचा. वेग कमी झाला की एसई खालचे गिअर आपणहून टाकते. वरचा गिअर मात्र तुम्हालाच टाकावा लागतो, आणि त्यातच नवखे चुकतात. पेट्रोल वाचेल म्हणून ते कमी आरपीएमवरच वर सरकतात. मग इंजिन घुसमटतं, गाडी थरथरते आणि थोडा वेग उतरताच लगेच खालचा गिअर पडतो. इंजिन मोकळं फिरू द्यावं, मगच गिअर बदलावा.

एसईचा क्लच सेंट्रिफ्यूगल आहे. म्हणजे इंजिनाचे फेरे वाढले की तो धरतो आणि आयडलवर सोडतो. थांबताना इंजिन बंद पडत नाही, हा मोठा फायदा. पण याच गुणामुळे दोन गोष्टींची सवय करावी लागते. एक, इंजिन बंद केल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही उतारावर सरकते. म्हणून पार्किंग ब्रेक प्रत्येक वेळी लावायचाच. मॅन्युअल पहिल्या गिअरमध्ये ठेवली की अडून राहते, तरी ब्रेक तिथेही लावावाच. दुसरी गोष्ट चढावर निघण्याची. ब्रेक सोडून मग थ्रॉटल दिलं, तर क्लच धरेपर्यंत गाडी मागे येते. आरटीचं कोरडं (तेल-पेट्रोल न धरता) वजनच 400 किलोच्या वर आहे, तेव्हा पायाने ती थोपवता येत नाही. ब्रेक दाबून ठेवा, हलकं थ्रॉटल द्या आणि गाडी पुढे ओढू लागली की ब्रेक सोडा. गाडी थ्रॉटलवर तोलून चढावर उभी ठेवू नका, क्लच घसरत राहतो आणि तापतो.

अगदी हळू, अरुंद जागेत वळवायची असेल तर मॅन्युअल सरस आहे. क्लच अर्धा दाबून इंच-इंच सरकता येतं. एसईमध्ये तेच काम थ्रॉटल आणि ब्रेक मिळून करावं लागतं. रिव्हर्स दोन्हीत आहे.

देखभालीत फरक तेलाचा. एसईमध्ये गिअर तेलाच्या दाबावर बदलतात. त्यामुळे इंजिनाच्या तेल-फिल्टरशिवाय हायड्रॉलिक कंट्रोल मॉड्यूलचा वेगळा फिल्टर असतो. बाहेरच्या गॅरेजमध्ये हा दुसरा फिल्टर राहून जातो. बिलात दोन फिल्टर दिसले पाहिजेत. तेल मोटरसायकलचंच, ओल्या (तेलात चालणाऱ्या) क्लचला चालणारं घ्या. कारचं घर्षण कमी करणारं तेल टाकलं तर दोन्ही प्रकारांत क्लच घसरतो. मॅन्युअलमध्ये क्लचच्या हायड्रॉलिक द्रवाची पातळीही बघत राहावी लागते.

जुनी मॅन्युअल बघताना वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएम चढला आणि वेग तितका वाढला नाही, तर क्लच प्लेटा गेल्या. जुनी एसई बघताना इंजिन गार असताना सुरू करा आणि लगेच रिव्हर्स टाकून पाहा. मग गाडी पूर्ण तापल्यावर पुन्हा टाकून पाहा. गिअर उशिरा पडत असेल, तर किंमत ठरवण्याआधी तेलाची पातळी, फिल्टर आणि बॅटरी तपासून घ्या.