अँटिऑक्सिडंट: बाजारातल्या पाटीतून की औषध दुकानातल्या बाटलीतून?

उन्हाळ्याच्या शेवटी खानापूरच्या रानातली करवंदे आणि जांभळे बेळगावच्या बाजारात येतात, आणि औषध दुकानांत वय रोखण्याचे आश्वासन देणाऱ्या गोळ्या बारा महिने मिळतात. पेशींतील मुक्त मूलकांमुळे, म्हणजे आसपासच्या रेणूंना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंमुळे, वार्धक्य येते, हा अमेरिकी शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्ये मांडलेला विचार या गोळ्यांच्या मुळाशी आहे; या मूलकांना निष्प्रभ करणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. मात्र हीच मूलके शरीर जंतूंशी लढण्यासाठीही वापरते, त्यामुळे त्यांना सरसकट शत्रू मानता येत नाही.

गोळीत एखादे द्रव्य मोठ्या मात्रेत असते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन (गाजरातले नारिंगी अँटिऑक्सिडंट द्रव्य) दिले असता फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढल्याचे 1994 मध्ये दिसून आले, म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तरी ही गोळी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फळाचे तसे नाही: जांभळातील जांभळ्या अँटिऑक्सिडंट रंगद्रव्यासोबत तंतू, क्षार आणि इतर अनेक घटक एकत्र पोटात जातात. नाचणीचे पॉलिफेनॉल (वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट द्रव्यांचा एक गट) मुख्यतः तिच्या तांबूस सालीत असल्याने पीठ बारीक चाळून कोंडा टाकू नये. भाकरीसोबत आवळ्याची ताजी चटणी असली, तर तिच्यातील क जीवनसत्त्वामुळे नाचणीतील लोहही अधिक शोषले जाते. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो, पण त्याचे श्रेय एकट्या अँटिऑक्सिडंटांना देता येत नाही. डॉक्टरांनी कमतरता तपासून दिलेली गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.