व्हिएन्नातील संग्रहालयांचे वार्षिक कार्ड: काही महिन्यांच्या वापरानंतर

नोकरीनिमित्त व्हिएन्नात राहायला आल्यावर आम्ही पतीपत्नींनी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या कलेतिहासाच्या संग्रहालयाचे वार्षिक कार्ड घेतले. नाव एका संग्रहालयाचे असले, तरी याच कार्डावर हॉफबुर्ग राजवाड्यातील शाही खजिना, जगभरच्या संस्कृतींचे वेल्टम्युझियम, नाट्यसंग्रहालय आणि शोनब्रुन राजवाड्याच्या आवारातील राजघराण्याच्या बग्ग्यांचे दालन वर्षभर कितीही वेळा पाहता येते. तीन-चार भेटींत पैसे वसूल होतात. मात्र मुदत संपल्यावर मी ते पुन्हा घेणार आहे, ते वेगळ्या कारणासाठी: तिकिटाच्या दडपणाखाली सगळी दालने एका दिवसात पायांखालून घालण्याची सक्ती या कार्डामुळे उरत नाही, आणि एखादे चित्र मनासारखे पाहून झाले की निर्धास्तपणे घरी येता येते.

याचा सर्वाधिक लाभ मला सोळाव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार थोरल्या पीटर ब्रॉयगेलच्या दालनात झाला. त्याची बारा चित्रे येथे एकत्र आहेत; इतका मोठा संग्रह जगात अन्यत्र नाही. १५६५ मध्ये त्याने ऋतुचक्रावर काढलेल्या मालिकेतील पाच चित्रे आज उरली आहेत, त्यांपैकी तीन येथे, एक प्रागमध्ये आणि एक न्यूयॉर्कमध्ये आहे. बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचे चित्र पहिल्या भेटीत मी दुरूनच पाहिले, कारण समोर गर्दी होती. पुढच्या भेटींत डावीकडचा विस्तव, गोठलेल्या तळ्यावर खेळणारी माणसे आणि दूरचे पांढरे डोंगर असे एकेक हाती लागत गेले. ‘मुलांचे खेळ’ या १५६० च्या चित्रासमोर तर आमची मुले अर्धा अर्धा तास रमतात. चाक पळवणारी, उलट्या उड्या मारणारी मुले शोधून काढण्याची त्यांच्यात चढाओढ लागते. मुख्य जिन्याच्या वर कमानींलगत ऑस्ट्रियन चित्रकार गुस्ताव क्लिम्टने १८९०-९१ मध्ये रंगवलेली चित्रे आहेत, पण ती इतकी उंचावर आहेत की छोटी दुर्बीण सोबत असलेली बरी. गुरुवारी संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडे असते आणि संध्याकाळी सहली गेल्यावर दालने शांत होतात, म्हणून आम्ही तीच वेळ धरून ठेवली आहे.

वेल्टम्युझियममधील मेक्सिकोचा पिसांचा शिरोभूषणवजा मुकुट अवश्य पाहावा. तो ॲझ्टेकांचा राजा मोक्तेसुमा याचा असल्याचे परंपरेने सांगितले जाते आणि मेक्सिकोने तो वारंवार परत मागितला आहे. प्रवासातील कंपनांनी पिसांना इजा होईल, असे तज्ज्ञांच्या तपासणीतून पुढे आल्याने तो हलवला जात नाही. ते कारण पटले, तरी त्याच्यासमोर उभे राहताना मला नेहमीच अस्वस्थ वाटते.

बेल्वेडेर, आल्बर्टिना आणि माक (उपयोजित कलांचे संग्रहालय) ही संग्रहालये मात्र या कार्डात येत नाहीत. क्लिम्टचे ‘चुंबन’ बेल्वेडेरमध्ये आहे. आल्बर्टिनामध्ये केवळ जर्मन चित्रकार ड्यूररचे १५०२ मधील सशाचे चित्र पाहण्यासाठी जाणार असाल, तर आधी चौकशी करावी. कागदावरचे ते जलरंगातील काम उजेडाने खराब होत असल्यामुळे मूळ चित्र क्वचितच बाहेर काढतात. भारतीय वाचकाने माककडे विशेष लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. अकबराच्या चित्रशाळेत सोळाव्या शतकात कापडावर रंगवलेल्या हमझानाम्याची, म्हणजे अमीर हमझाच्या साहसकथांच्या सचित्र ग्रंथाची, साठ पाने या संग्रहात आहेत. मूळची सुमारे चौदाशे पाने जगभर विखुरली आणि त्यांतली बहुतेक हरवली, हे ध्यानात घेतले म्हणजे साठ या आकड्याचे महत्त्व कळते. तीही नाजूक असल्याने सारी एकदम मांडलेली नसतात, तेव्हा प्रदर्शनात काय आहे ते पाहूनच दिवस ठरवावा.

एकोणीस वर्षांखालील मुलांना या सर्व सरकारी संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असल्यामुळे त्यांच्यासाठी कार्ड घेण्याचे कारण नाही. कार्लस्प्लाट्झवरील शहराच्या इतिहासाचे संग्रहालय २०२३ च्या डिसेंबरात नूतनीकरणानंतर उघडले असून त्यातील कायमस्वरूपी प्रदर्शन सर्वांनाच मोफत पाहता येते. चार-पाच दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना मी वार्षिक कार्ड सुचवत नाही. त्यांनी आवडीच्या दोन ठिकाणांची वेगळी तिकिटे काढावीत, आणि बेल्वेडेरमध्ये प्रवेशाची वेळ ठरलेली असते, म्हणून ती आधीच राखून ठेवावी.