एकच सपाट जाळं की छतागणिक तुकडा?

गावाच्या वायफायसाठी सगळ्यांना १९२.१६८.१ मालिकेतले आयपी पत्ते (जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राचा क्रमांक) देणं सर्वात सोपं. २५४ पत्ते, दहा मिनिटांत काम. पण बरेच घरगुती राउटरही हेच पत्ते घेऊन येतात. कुणी आपला राउटर चुकीच्या पोर्टात खुपसला की गावाचा राउटर आणि तो, दोघे १९२.१६८.१.१ होऊन बसतात, आणि अर्धी आळी बंद.

दुसरा मार्ग स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या गुइफी.नेट या लोकांनीच उभारलेल्या जाळ्याचा: १०.०.०.०/८, म्हणजे १० ने सुरू होणारे सगळे पत्ते. एक कोटी सदुसष्ट लाख पत्ते. त्यातला /१६ (६५,५३६ पत्त्यांचा गट; तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा तितका गट लहान) गावाला घेतला, तर प्रत्येक छताला /२७, म्हणजे ३० वापरण्याजोगे पत्ते, असे २,०४८ तुकडे पडतात. पत्ता पाहूनच छत कळतं. नोंदवही ठेवायचा कंटाळा येतो खरा, तरी मी हाच घेईन. दहा-बारा घरं असतील तर मात्र पहिलाच पुरे.