आईचा फ्लॅट फॅमिलीला म्हणून भाड्याने दिला आणि भाडेकरूने तो रोजच्या भाड्याने चालवला

हे लिहू की नको करत दोन महिने गेले, कारण आईला परत तेच सगळं उगाळायला नको होतं. शेवटी तीच म्हणाली लिही गं, दुसऱ्या कुणाचं घर तरी वाचेल.

कोथरूडमध्ये आमचा जुना टू बीएचके आहे, दुसऱ्या मजल्यावर. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे नाशिकला आली आणि फ्लॅट सामानासकट भाड्याने द्यायचं ठरलं. सोसायटी शांत, बहुतेक रिटायर्ड माणसं. 26-27 हजार देणाऱ्या दोन फॅमिली येऊन गेल्या, आणि मग हा आला. तिशीतला, मराठी, बोलायला अतिशय नम्र, आल्या आल्या आईच्या पाया पडला, बायको आणि लहान मुलगी गावाहून येणारेत म्हणाला, आणि 32 हजार देतो म्हणाला. आम्हाला वाटलं घर चांगल्या हातात जातंय.

खरी चूक आता सांगते. अ‍ॅग्रीमेंट ऑनलाइन रजिस्टर करायला एजंट मशीन घेऊन घरी आला, आमचे अंगठे झाले आणि याचा अंगठा काही जुळेना. म्हणाला आधार अपडेट करायला टाकलंय ताई, आठ दिवसांत करून टाकू, तोपर्यंत 500 च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करू, माझं सामान टेम्पोत भरून तयार आहे. डिपॉझिट 1 लाख ठरलं होतं, त्यातले 40 हजार दिले, बाकी पुढच्या पगाराला. आणि आम्ही किल्ली दिली. ते आठ दिवस कधीच आले नाहीत, दर वेळी काहीतरी नवीन कारण, आणि भाडं 1 तारखेला न चुकता जमा होत होतं म्हणून आम्हीही मागे लागलो नाही.

तिसऱ्या महिन्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. रात्री दीड वाजता त्यांची बेल वाजली, दारात बॅगा घेऊन दोन मुलं, "काकू, समोरच्या दाराचा पासवर्ड चालत नाहीये, तुम्हाला माहितीये का?" काकू एकट्या राहतात, वय 74. सकाळपर्यंत झोपल्या नाहीत. मग कळलं की दाराचं कुलूप काढून नंबरवालं लॉक बसवलंय, दर दोन दिवसांनी नवीन माणसं येतात आणि बायको-मुलगी कुणी कधी पाहिलेलीच नाही. माझ्या मुलाने एरिया टाकून नेटवर शोधलं तर दहा मिनिटांत सापडला आमचा फ्लॅट, एका रात्रीचे 3,500. आईची शिलाई मशीन खिडकीशी नेऊन वर कुंडी ठेवलेली आणि खाली लिहिलेलं "व्हिंटेज कॉर्नर". त्याच मशीनवर शिवणकाम करून आईने आम्हा दोघा भावंडांची कॉलेजची फी भरलीय. तो फोटो बघून ती जी गप्प झाली ती दोन दिवस बोलली नाही.

हिशोब नंतर डोक्यात आला. महिन्यात 15 रात्री भरल्या तरी 52,500 होतात, म्हणून त्याला बाजारभावापेक्षा 5 हजार जास्त देणं परवडत होतं. त्यामुळे कुणी कारण नसताना जास्त भाडं देत असेल तर तिथेच थांबा आणि आधी तो राहतो कुठे, काम कुठे करतो ते बघून या.

फोन केला तर आधी "पाहुणे आहेत ताई", आणि फ्लॅट खाली कर म्हटल्यावर आवाजच बदलला. म्हणाला, "अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर आहे का तुमचं? मी सांगेन भाडं 18 हजारच ठरलं होतं." मला वाटलं नुसती धमकी आहे. पण वकिलांनी सांगितलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर भाड्याने देण्याचा करार, लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, ती पाळली नाही तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अटी काय होत्या यावर भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, खोटं आहे हे आपण सिद्ध करेपर्यंत. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे! त्याला हे सगळं पाठ होतं, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली होती का? नव्हती दिली. अ‍ॅग्रीमेंट झालं की देऊ म्हणून राहिली. आणि परदेशी माणूस मुक्कामाला आला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते हेही तिथेच कळलं. आमच्या घरात कोण कोण राहून गेलं याची कुठेच नोंद नाही, घर मात्र आईच्या नावावर.

पुढचे दोन महिने भाडं नाही, मग फोन बंद. चौकीत लेखी तक्रार देऊन, सेक्रेटरींना सोबत घेऊन, व्हिडिओ काढत लॉक उघडलं. आत कुणी नव्हतं. गाद्या फाटलेल्या, गीझर जळलेला, 11,400 चं वीजबिल दाराखाली. थकलेलं भाडं 64 हजार, दुरुस्ती 32 हजार आणि हे वीजबिल, त्यातून डिपॉझिटचे 40 हजार वजा केले तरी आमचे 67 हजार गेले.

आम्ही आवरत असतानाच खाली रिक्षा थांबली. सोलापूरचं कुटुंब, वडिलांच्या बायपाससाठी आलेलं, चार रात्रींचे 14 हजार त्याला यूपीआयने आधीच दिलेले आणि दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. त्या आजोबांना जिना चढवत नव्हता. आई म्हणाली आधी त्यांना वर आणा, मग बघू. त्यांच्या मुलाने आमच्या गॅलरीतूनच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवली, आणि चार दिवस ते तिथेच राहिले, आईने एक रुपया घेतला नाही.

आता नवीन भाडेकरू आलेत. दोघांचे अंगठे झाले, रजिस्टर झालेली प्रत हातात आली, पोलिसांकडे माहिती गेली, सोसायटीला कॉपी दिली, आणि पोटभाडेकरू ठेवणार नाही किंवा रोजच्या भाड्याने देणार नाही हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घेतलं, तेव्हाच किल्ली दिली.

पण आमच्या घराचे फोटो अजून फिरतायत. मागच्याच आठवड्यात वेगळ्या नावाने परत दिसले, मी रिपोर्ट केलेत. हिरवट मोझॅक फरशी, खिडकीशी काळी शिलाई मशीन आणि तिच्यावर कुंडी असं कोथरूडचं घर कुणी तुम्हाला दाखवून अ‍ॅडव्हान्स मागितला तर देऊ नका, ते घर त्याच्याकडे नाहीये.