डायलिसिसवाल्यांसाठी हेपॅटायटिस बी ची लस: लसीला चार स्टार, देणाऱ्यांना दोन

आधी काय घेतलं ते सांगते. हेपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारा, लिव्हरला धरणारा व्हायरस) ची मोठ्यांची लस, पूर्ण कोर्स, आणि त्यानंतरची अँटी एचबीएस टायटर नावाची रक्ततपासणी, म्हणजे त्या व्हायरसशी लढणारी अँटीबॉडी रक्तात किती बनली ते मोजणारी. पेशंट म्हणजे आमचे मामा, माझे सासरे. शुगर जुनी, दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिस. हॉस्पिटल आणि मेडिकलची नावं टाकत नाही कारण मामांना अजून तिथेच जायचंय.

थोडक्यात सांगायचं तर लस चांगली आहे, स्वस्त आहे, पण डायलिसिसच्या माणसाला "लस घेतली" एवढ्याने काही होत नाही, लागू पडली का ते तपासायला लागतं, आणि ते तपासा असं आपणहून सांगणारी माणसं मला फार कमी भेटली. ज्यांच्या घरी किडनीचा पेशंट आहे त्यांनी पुढचं वाचा, बाकीच्यांनी सोडलं तरी चालेल.

डायलिसिसवाल्यांच्या मागे ही लस का लावतात? रक्त बाहेर येतं, मशीनमधून फिरतं, परत आत जातं, एका हॉलमध्ये दहा खुर्च्या, तेच टेक्निशियन सगळ्यांना हात लावणार. आणि हा व्हायरस असा चिवट की वाळलेल्या रक्तात, टेबलावर, मशीनच्या बटणावर निदान सात दिवस जिवंत राहतो, डोळ्याला डाग दिसत नसला तरी. म्हणून हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन वेगळं ठेवतात. हेपॅटायटिस सी ला तर लसच नाहीये, एचआयव्हीला नाही, त्यामुळे रक्तातून येणाऱ्या ह्या तिघांपैकी ज्याला लस आहे तो एकटा बी. लहान मुलांना ही लस देशभर सरकारी कार्यक्रमात २०११ पासून मिळायला लागली, मामांच्या वयाच्या माणसांना कुठून मिळणार.

आता एक गोष्ट जी मला किडनीच्या डॉक्टरांनी समजावली आणि तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत सुटलेय. हा व्हायरस स्वतः लिव्हर फार खात नाही. आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी व्हायरस घुसलेल्या लिव्हरच्या पेशी मारतात, आणि त्या मारामारीत कावीळ होते. धडधाकट मोठ्या माणसाला कावीळ होते, महिनाभर लोळतो, पण बहुतेक वेळा व्हायरस निघून जातो, शंभरात पाचपेक्षा कमी लोकांत तो कायमचा राहतो. डायलिसिसच्या पेशंटमध्ये उलटं. रक्तात साचलेल्या घाणीने ह्या लढणाऱ्या पेशी, त्यांना टी पेशी म्हणतात, मंदावलेल्या असतात, परक्या प्रोटीनचा तुकडा पकडून त्यांच्यापर्यंत नेणाऱ्या पेशीही नीट काम करत नाहीत, मग लढाईच होत नाही, कावीळ नाही, ताप नाही, माणूस म्हणतो मला काय झालंय, आणि व्हायरस आत मुक्काम ठोकून बसतो. तिकडे शेजारच्या खुर्चीवाल्यालाही धोका. म्हणजे काही होत नाहीये म्हणून खुश व्हायचं कामच नाही.

आणि हेच लसीलाही लागू. लसीत जिवंत काही नसतं, व्हायरसच्या वरच्या आवरणाचं प्रोटीन यीस्टमध्ये बनवलेलं आणि सोबत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार, त्यामुळे लसीने आजार होईल ही भीती नको. पण त्या प्रोटीनवर अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींना (त्यांचं नाव बी पेशी, हेपॅटायटिस बी शी संबंध नाही) टी पेशींची मदत लागते आणि तिथेच गाडी अडते. तरुण निरोगी माणसांत शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांत पुरेशी अँटीबॉडी बनते, डायलिसिसवाल्यांत डबल डोस देऊनही साधारण साठेक जणांत. वय जास्त, शुगर, जाडी, सिगारेट हे सगळं अजून खाली ओढतं. मामांची सिगारेट सुटली पण बाकीचं आहेच.

म्हणून डोस वेगळा. निरोगी मोठ्या माणसाला २० मायक्रोग्रॅम, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्याला. डायलिसिसच्या पेशंटला ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे तीच लस दुप्पट, आणि चार वेळा: आज, एक महिना, दोन महिने, सहा महिने. आम्ही पहिल्यांदा जिथे गेलो तिथे काउंटरवरच्या मॅडमने छापील कार्ड काढलं, तीन रकाने, एक एमएल म्हणजे २०, झालं. मी चिठ्ठी दाखवली, डॉक्टरांनी ४० लिहिलंय, तर म्हणे आमच्याकडे सगळ्यांना हेच देतात. मामा लगेच, "अगं जाऊ दे, देतायत ते घेऊ, कशाला वाद." मी म्हटलं मामा तुम्ही शांत बसा, आणि डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, मग दोन एमएल भरली. त्यानंतर सुई द्यायला आलेला पोरगा म्हणतो, कमरेत देतो, दंडाला दुखेल. ही लस दंडाच्या स्नायूतच द्यायची असते, कमरेखाली चरबीत गेली की अँटीबॉडी कमी बनते हे कधीचं माहीत आहे सगळ्यांना, म्हणजे ज्यांना माहीत असायला हवं त्यांना. आणि फिश्चुला (डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेली नस) डाव्या हातात, म्हणून उजवाच दंड. हे पेशंटच्या घरच्यांनी सांगायचं? सेवेचा एक स्टार इथेच गेला.

दुसरं म्हणजे थंडपणा. ही लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची, पण गोठवायची अजिबात नाही. आपल्याकडे लोकांना वाटतं जितकी थंड तितकी टिकते, एका मेडिकलमध्ये मी स्वतः पाहिलं, लसीची बाटली वरच्या बर्फाच्या कप्प्यात. गोठली की त्यातल्या क्षाराच्या गुठळ्या होतात आणि लस वाया, आणि परत वितळली की वरवर बघून चटकन कळत पण नाही. मी ती घेतली नाही, दुसऱ्या दुकानातून घेतली जिथे फ्रीजला थर्मामीटर लावलेला आणि दिवसातून दोनदा वहीत लिहितात. कंपनी कुठलीही घ्या, आमच्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट बनवते, हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशातली पहिली काढली तेव्हापासून भाव खूप उतरलेत, त्यामुळे इम्पोर्टेडच पाहिजे असला हट्ट करू नका. तुम्हाला मिळालेली कुठे ठेवली होती ते मात्र विचारा.

आता सगळ्यात मोठा ताप. डायलिसिस सेंटरमध्ये ठरावीक दिवसांनी एचबीएसएजी तपासतात, म्हणजे हेपॅटायटिस बी झालाय का ते बघतात, आणि ती तपासणी बरोबर मामांच्या लसीनंतर चार-पाच दिवसांत आली. रिपोर्ट पॉझिटिव्ह. घरात सन्नाटा, सेंटरवाले म्हणतात उद्यापासून इथे नाही, वेगळं मशीन असलेलं सेंटर शोधा, मामा गप्प, सासूबाईंनी ताटं-वाट्या वेगळ्या करायला घेतल्या (ज्याची काहीही गरज नसते, हा व्हायरस जेवणातून पसरत नाही). किडनीच्या डॉक्टरांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, लस कधी दिली? लसीत जे प्रोटीन आहे तेच ही तपासणी शोधते! लस घेतल्यावर काही दिवस, कधी कधी दोन-तीन आठवडे आणि डायलिसिसवाल्यांत त्याहूनही जास्त, ती खोटी पॉझिटिव्ह दाखवू शकते. व्हायरसच्या डीएनएची तपासणी केली, निगेटिव्ह, काही आठवड्यांनी एचबीएसएजी परत केली, तीही निगेटिव्ह. सेंटरला हे आधी सुचायला हवं होतं, लस त्यांच्याच फाईलमध्ये लिहिलेली होती की. आणखी दोन स्टार गेले. तुम्ही काय करा, रक्त तपासणीला द्या आणि मग लस घ्या, म्हणजे हा घोळच नको.

आता टायटर, ज्याला मी पाच पैकी पाच देणार. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी करायची, आकडा १० किंवा त्याच्या वर पाहिजे. आमच्या लॅबमध्ये हजाराच्या आसपास घेतले. मामांचा आकडा आला १० च्या खाली. एवढं सगळं करून! टेस्ट केली नसती तर कार्डावर "पूर्ण" असा शिक्का आणि आम्ही निवांत. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, नियमच आहे, अख्खा कोर्स परत द्यायचा आणि परत तपासायचं, दुसऱ्या फेरीत बरेच जण वर येतात. दुसऱ्या फेरीनंतर ३६. मामा म्हणाले, "पस्तीसच्या वर आहे ना, मग मी पास, मॅट्रिकलाही एवढेच होते." हसून हसून पुरे झालं. पण हा आकडा निरोगी माणसात शेकड्यांत, हजारांत असतो, आणि डायलिसिसवाल्यांचा भरभर उतरतो, म्हणून दर वर्षी तपासायचा आणि १० च्या खाली गेला की एक बूस्टर. निरोगी माणसाला असलं दर वर्षीचं काही लागत नाही. दोन्ही फेऱ्यांनंतरही ज्यांचा येत नाही त्यांनी स्वतःला लस न घेतलेलंच समजायचं, आणि कधी पॉझिटिव्ह रक्ताशी संबंध आला तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन मिळतं.

हा प्रकार फक्त ह्याच लसीचा नाही बरं का. कोविडच्या वेळी अमेरिकेत किडनी, लिव्हर वगैरे बदललेल्या ६५८ जणांचं रक्त तपासलं, २०२१ मधली गोष्ट, एमआरएनए लसीचे दोन डोस होऊनही ४६ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडलीच नाही, आणि मायकोफेनोलेटसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांत तर जास्तच गडबड. तेव्हा आपल्याकडे दोन डोसचं सर्टिफिकेट मोबाईलमध्ये ठेवून असे पेशंट लग्नाकार्यात फिरत होते. त्यांच्या बाबतीत घरच्यांनी लस घेणं, मास्क लावणं हे पेशंटच्या लसीइतकंच महत्त्वाचं. आमच्या घरात आता दर वर्षी फ्लूची लस सगळे घेतात, मामांसाठी, पोरं कुरकुरतात पण घेतात.

कुणी घ्यावी? ज्यांचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढायला लागलंय पण डायलिसिस अजून लांब आहे त्यांनी आत्ताच घ्या, किडनी जितकी शिल्लक तितकी लस चांगली लागते, आमचा तो टाईम निघून गेला होता. ट्रान्सप्लांटच्या यादीत असाल तर ऑपरेशनच्या आधी सगळ्या लसींची यादी डॉक्टरांकडून करून घ्या, कारण कांजिण्या, गोवर असल्या जिवंत लसी नंतर देत नाहीत.

लस चार स्टार, एक कापला कारण आठ वेळा टोचून ३६ येतात, त्यात लसीचा दोष कमी आणि मामांच्या किडनीचा जास्त, तरीही. टायटर पाच. देणारे दोन, आणि त्यातला एक त्या वहीवाल्या मेडिकलचा आहे. टायटरचा रिपोर्ट डायलिसिसच्या फाईलला सगळ्यात वर लावा, लसीच्या तारखा त्यावरच पेनाने लिहा, आतली पानं उलटून कुणी बघत नाही.