विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारी वेबसाईट: अंतर बरोबर, वेळेवर मात्र विसंबू नका

भावाकडे न्यूयॉर्कला आईबाबांना पाठवायचं होतं म्हणून ही दोन एअरपोर्टमधलं अंतर काढून देणारी फुकट साईट लई वापरली. संभाजीनगर, बीड, जालन्याकडून आईवडिलांना पाठवणारे आता बरेच आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

अंतराचं काम एक नंबर. मुंबई ते न्यूयॉर्क साधारण १२,५०० किमी दाखवते आणि ते बरोबरच आहे. मॅपवर रेषा रशियाकडून वर चढून वाकडी जाते, ते बघून बाबा म्हणाले, सरळ का नाही जात रे हे? मग पोरीचा शाळेचा पृथ्वीगोल काढला, मुंबईवर दोरा धरून न्यूयॉर्कपर्यंत ताणला, तर दोरा आपोआप उत्तरेकडूनच गेला. गोल पृथ्वीवर तोच सगळ्यात जवळचा रस्ता, सपाट नकाशावर वाकडा दिसतो इतकंच. बाबांना लगेच पटलं.

आता वेळेचं. साईट म्हणते साडेचौदा तास, तिकिटावर सोळाच्या पुढे. कारण ती नुसतं अंतराला ताशी ९०० नं भागते आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास जोडते, बास. वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचं वारं असतं, त्यामुळं जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, हे तिच्या हिशोबातच नाही. त्यात मॅपवरची ती रेषा सिंधवरून जाते, आणि पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, मग विमान वळसा घालणारच ना. म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या, डबा, व्हीलचेअर सगळं वेळेवर ठरवायचं असतं, दीड-दोन तासांचा फरक लहान नाही हो.

घड्याळाचा फरक पण दाखवत नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. रात्री दीडला मुंबईहून निघालं की तिकडे त्याच दिवशी सकाळी आठच्या आसपास उतरतं, हे आईला समजावता समजावता नाकी नऊ आले.

अजून एक, सर्चमध्ये छत्रपती संभाजीनगर टाकलं तर काहीच येत नाही, आयएक्सयू हा विमानतळाचा कोड टाका म्हणजे चिकलठाणा विमानतळ सापडतं, नांदेडला एनडीसी. पण तिथून न्यूयॉर्कचं अंतर काढून उपयोग काय, थेट विमानच नाही. खरा प्रवास घरापासून मोजा: समृद्धीवरून मुंबई, ट्रॅफिक, तीन तास आधी रिपोर्टिंग, आणि मग ते सोळा तास. माझ्या मते आईबाबांना सांगायचा आकडा म्हणजे घरातून निघाल्यापासून पूर्ण एक दिवस.

अंतरासाठी पाचपैकी पाच, वेळेसाठी दोन. आणि किमी निवडायला विसरू नका, आधी मैल येतात, त्यातही सागरी मैल वेगळा, १.८५२ किमीचा.